भर समुद्रात हळू लावलेलं दार

सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे कुणी बॅग भरायला घेणार नाही: ही सहल तुम्हाला करता येणार नाही. समुद्रातल्या तेलक्षेत्राचं तिकीट मिळत नाही, पॅकेज नाही, 'दोघांवर तिसरा फुकट' तर नाहीच. मला परवानगी मिळाली ती एका साप्ताहिकाचा वार्ताहर म्हणून, आणि तीही चार महिन्यांनी. त्या चार महिन्यांत मी इतके अर्ज भरले की माझा रक्तगट माझ्यापेक्षा त्या कंपनीला जास्त पाठ आहे.

जायचं ठरलं ते भिवंडीच्या निजामपुऱ्यात, याकूबभाई खोतांच्या ओट्यावर. याकूबभाई सत्तावन्न वर्षांचे. वडिलांचे बारा लूम, म्हणजे यंत्रमाग, होते, लहानपण त्या बारा लूमच्या मधल्या बोळात गेलं. पुढे मेकॅनिक झाले आणि आता समुद्रातल्या एका प्लॅटफॉर्मवर गॅसचे कॉम्प्रेसर सांभाळतात. चौदा दिवस पाण्यात, चौदा दिवस घरी. मला ते 'शास्त्री' म्हणतात, कारण मी बारा वर्षं पाठशाळेत संस्कृत शिकलो. त्या विद्येचा आता मुख्य उपयोग श्रद्धांजलीचे मजकूर लिहिण्याकडे होतो.

"क्या शास्त्री, कधी समुद्र ओलांडला का?"

"आमच्यात चालत नाही."

"ओलांडायचा कुठे? निम्म्यात जायचं, परत यायचं."

"मग प्रायश्चित्तसुद्धा निम्मंच."

हे सगळं आम्ही ओरडून बोलत होतो. भिंतीपलीकडे लूम चालू होते. भिवंडीत कुणी मोठ्यानं बोललं तर त्याला राग आलाय असं आम्ही धरत नाही. माझं घर कामतघरला, तिथेही मागच्या भिंतीला लूमच आहेत.

उठताना याकूबभाईंनी माझा दंड धरला. "लेखात सगळं लिहा. फक्त कानाचं लिहू नका."

त्यांना ऐकू कमी येतं हे मला माहीत होतं. किती कमी, ते तेव्हा कळलं: ओठ दिसले की सगळं कळतं, पाठ फिरवली की काहीच नाही. आणि दरवर्षी वैद्यकीय तपासणी असते. तिचं प्रमाणपत्र नसेल तर हेलिकॉप्टरमध्ये चढता येत नाही, म्हणजे नोकरी संपली. या वर्षीची तपासणी या फेरीहून परतल्यावर होती. निवृत्तीला तीन वर्षं बाकी होती.

"आजपर्यंत पास कसे झालात?"

"देवाची मेहेरबानी," ते म्हणाले, आणि विषय बदलला.

हे मी आज लिहितोय ते त्यांनी सांगितलं म्हणूनच. ते कसं, ते पुढे येईल.

जाण्यापूर्वी एक दिवसाचं प्रशिक्षण सक्तीचं असतं. हेलिकॉप्टरच्या आकाराच्या एका डब्यात खुर्चीला बांधून तलावात सोडतात आणि डबा उलटा करतात. डोकं खाली, पाय वर, नाकात पाणी. आणि त्या अवस्थेत खिडकी शोधून बाहेर यायचं. योगशास्त्राने शीर्षासनाचे पुष्कळ लाभ सांगितले आहेत, त्यातला एकही मला त्या दिवशी झाला नाही. तिसऱ्या खेपेला प्रशिक्षक म्हणाला, "काका, डोळे उघडे ठेवा." एवढा एकच उपदेश, पण उपयोगी पडला.

निघालो उजाडता उजाडता. अंजूरफाट्याला गोदामांकडे वळणाऱ्या कंटेनरांची रांग आधीच लागली होती. भाड्याची गाडी दोघांत केली होती. अठराशे रुपये, टोल वेगळा. कशेळीचा पूल, ठाणे, मग अंधेरीचा वळसा घेऊन जुहूचा छोटा विमानतळ. तिथे माणसाला बॅगेसकट वजनकाट्यावर उभं करतात आणि आकडा मोठ्यानं वाचतात. माझा आकडा वाचला तेव्हा मागच्या रांगेत कुणीतरी "बाप रे" म्हणालं. कुणी, ते मी वळून पाहिलं नाही. मोबाइल, काडेपेटी, लायटर सगळं काढून घेतात. तंबाखूची पुडी चालते. राष्ट्राच्या ऊर्जासुरक्षेत तंबाखूचा वाटा मोठा आहे, हे पुढच्या पाच दिवसांत दिसलंच.

पाऊण तासाने खाली पाण्यात काहीतरी उभं दिसलं. लांबून वाटतं, कुणीतरी कारखाना उचलून चार काठ्यांवर ठेवलाय. जवळ गेल्यावर त्या काठ्या म्हणजे पोलादी खांब, एकेक आपल्या पिंपळाच्या बुंध्याएवढा, खाली समुद्राच्या तळात ठोकलेले. एक प्लॅटफॉर्म राहायचा, एक यंत्रांचा, मध्ये लोखंडी पूल. दूरवर तीन-चार लहान सांगाडे, त्यांच्यावर माणूस नसतो, त्या विहिरी. बाजूला एका लांब दांड्याच्या टोकाला ज्योत जळत असते, अखंड. तिला तेल कुणी घालत नाही.

उतरल्याबरोबर ओळख झाली ती प्लॅटफॉर्मचे प्रमुख देशमुखसाहेब यांच्याशी. शांत माणूस, प्रत्येक वाक्याच्या शेवटी घड्याळाकडे बघणारा. त्यांनी मला जीवरक्षक नौकेजवळचा फळा दाखवला. त्यावर प्रत्येकाच्या नावाचं एक कार्ड. भोंगा झाला की हातातलं सोडायचं, लाइफजॅकेट घालायचं, इथे यायचं आणि आपलं कार्ड उलटं करायचं. "सगळी कार्डं उलटी झाली की माणसं पूर्ण. एक जरी सुलटं राहिलं, तर दोन माणसं आत शोधायला जातात. रात्रपाळी असो, आजारी असो, प्रत्येक जण येणार." हे शेवटचं वाक्य मी ऐकलं नसावं. त्या वेळी मी माझ्या नावातली चुकलेली वेलांटी बघत होतो.

राहायला जागा याकूबभाईंच्या केबिनमध्ये. दोन बिछाने, एकावर एक. वरचा बिछाना एरवी काशिनाथ भोईर यांचा. भोईर म्हणजे क्रेन चालवणारे, गाव भिवंडीच्या पलीकडे, घरची भातशेती. पाहुण्यासाठी त्यांनी जागा सोडली आणि पुलाच्या दुसऱ्या टोकाच्या केबिनमध्ये गेले. सामान न्यायला आले तेव्हा लोखंडी दार असं आपटलं की माझा चष्मा टेबलावरून खाली आला.

"भोईर, दार!" कॉरिडॉरमधून देशमुखसाहेबांचा आवाज.

"हो साहेब!" म्हणून त्यांनी जाताना परत तितक्याच जोरात आपटलं.

दारावर पाटी होती: रात्रपाळी झोपली आहे, शांतता राखा. साहेबांनी मला मुद्दाम सांगितलं, की इथे सगळ्यात मोठी असभ्यता म्हणजे रात्रपाळीच्या माणसाची झोप मोडणं. भोईरांना सहा वर्षांत ते जमलेलं नाही. मी मनात म्हटलं, आपण संस्कार दाखवू.

याकूबभाईंची पाळी संध्याकाळी सहा ते सकाळी सहा. दुसऱ्या दिवशी ते पाळीवर चढताना मला सोबत घेऊन गेले. खालून वर येतं ते तेल नसतं, हे मला तिथे कळलं. तेल, गॅस, पाणी, रेती, सगळं एकत्र, पातळ पिठल्यासारखं. ते मोठ्या आडव्या टाक्यांत शिरतं. गॅस वर राहतो, तेल मध्ये, पाणी तळाला. पाणी स्वच्छ करून समुद्राला परत, तेल नळातून किनाऱ्याकडे. (तैल या शब्दात तीळ आहे, हे मी टाक्यांकडे बघणाऱ्या एका इंजिनियरला सांगितलं. तो "अच्छा" म्हणाला आणि परत टाक्यांकडे बघू लागला.)

गॅसचं काय करायचं, ते याकूबभाईंचं खातं. "विहिरी आता म्हाताऱ्या झाल्या, शास्त्री. नव्या होत्या तेव्हा स्वतःच उसळायच्या. आता दम लागतो. मग आम्ही वरून गॅस दाबून खाली सोडतो, त्यानं तेल हलकं होतं, वर चढतं. कॉम्प्रेसर थांबला की विहिरीचा श्वास थांबला."

हे त्यांनी बाहेर, दाराच्या अलीकडे सांगितलं. आत गेल्यावर बोलणं शक्यच नाही. कानात बोळे, वर जाड मफ, तरीही आवाज दातांतून आत येतो. मला वाटलं घरी आलो. आणि मग बघतो तो सगळे हातांनी बोलतायत! दोन बोटं जुळवून ताडकन दूर केली: थांबव. तळवा पोटावर फिरवला: जेवायला चल. कानाची पाळी ओढली: साहेब येतायत. ही आमच्या लूमची भाषा. भिवंडीत कारागीर दोन लूमच्या पलीकडे असाच बोलतो. याकूबभाईंनी ती पंधरा वर्षांत इथे रुजवली होती. केरळचा फिटर आणि बिहारचा वेल्डर भिवंडीच्या खुणांनी एकमेकांची टिंगल करत होते.

तिथे छताला पिवळे दिवे होते. भोंगा झाला की ते गरगर फिरतात, कारण त्या गोंगाटात भोंगा कुणालाच ऐकू येणार नाही. याकूबभाईंनी बोटाने वर दाखवलं आणि हसले. त्या डेकवर त्यांचे कान आणि बाकीच्यांचे कान सारखेच होते.

जुना कारागीर यंत्रावर हात ठेवून रोग ओळखतो, असं काहीतरी लिहायला मिळेल या आशेने मी थांबलो होतो. त्यांनी खरंच एका बेअरिंगच्या आवरणावर तळवा टेकवला, डोळे मिटले, आणि अंगठा वर केला: ठीक आहे. दहा मिनिटांनी कंट्रोल रूममधून निरोप आला की तेच बेअरिंग तापतंय. याकूबभाईंनी परत हात लावला, खांदे उडवले. माझ्या लेखाचं नुकसान झालं, पण घडलं ते असं.

जेवणाबद्दल विचारतील म्हणून लिहितो: उत्तम, चार वेळा, आणि फुकट. गंमत एवढीच, की चहूबाजूंनी अरबी समुद्र आणि ताटातला बांगडा किनाऱ्यावरच्या शीतगृहातून आलेला. गळ टाकायला बंदी आहे. मी शाकाहारी, मला भेंडी मिळाली. तीही हेलिकॉप्टरच्याच वाटेने आली असावी, कारण जरा भेदरलेली होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास मी टेबलाशी बसून टिपणं काढत होतो. पडदा ओढलेला, खालच्या बिछान्यावर याकूबभाई भिंतीकडे तोंड करून झोपलेले. आणि भोंगा झाला. लांब, चढता-उतरता. प्रशिक्षणात ऐकलेला.

मी नेमकं काय केलं ते क्रमाने सांगतो. चष्मा लावला. बूट घातले, नाड्या बांधल्या. लाइफजॅकेट घातलं. याकूबभाईंकडे पाहिलं. ते हलले नाहीत. मला वाटलं, हा सराव असणार, आणि रात्रपाळीच्या माणसाला तो माफ असणार. नाहीतर एवढ्या आवाजात कोण झोपेल? त्यांचं कानाचं मला ठाऊक होतं, ओट्यावर सांगितलेलं सगळं ठाऊक होतं, आणि त्या क्षणी त्यातलं काहीही आठवलं नाही. पाटी आठवली. मी चवड्यांवर बाहेर आलो आणि दार इतकं हळू ओढून घेतलं की कडीचासुद्धा आवाज झाला नाही.

नौकेजवळ जाऊन कार्ड उलटं केलं. जरासा अभिमानही वाटला, मी पहिल्या दहांत होतो.

हळूहळू फळा उलटत गेला. एकच कार्ड सुलटं राहिलं: या. खोत. देशमुखसाहेबांनी घड्याळ पाहिलं. स्पीकरवरून नाव पुकारलं गेलं. पुलाच्या पलीकडच्या नौकेजवळ भोईर उभे होते. ते माझ्याकडे बघून तळवा जोरात पुढे ढकलत होते, परत परत. मला वाटलं मागे सरका म्हणतायत. मी दोन पावलं मागे सरकलो. भोईरांनी कपाळावर हात मारला.

साहेबांनी दोघांना आत पाठवलं. पाठीवर हवेची नळकांडी, तोंडावर मुखवटे. सराव असला तरी नियम तोच. अकरा मिनिटांनी ते याकूबभाईंना घेऊन आले. लाइफजॅकेट उलटं घातलेलं, गालावर उशीच्या सुरकुत्या.

"झोप लागली साहेब," ते म्हणाले.

साहेब फळ्याकडे तोंड करून वेळ लिहीत होते. तसंच, न वळता, त्यांनी विचारलं, "भोंगा ऐकू आला नाही का?"

याकूबभाई उभे होते, चेहरा आदबशीर, उत्तराची काही घाई नसलेला. चाळीस माणसं त्यांच्याकडे बघत होती. साहेबांनी परत विचारलं, तसंच. मग त्यांचा पेन थांबला. ते वळले आणि याकूबभाईंकडे पाहत तिसऱ्यांदा विचारलं.

आता ओठ दिसले. पण आता उशीर झाला होता, आणि हे याकूबभाईंना सगळ्यांचे चेहरे बघून कळलं.

साहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही केबिनमध्ये होतात. तुम्ही निघालात तेव्हा हे उठत होते?"

'हो' म्हटलं असतं तर कदाचित निभावलं असतं. गाढ झोपेला शिक्षा नाही, कानाला आहे. मला ते सुचलं, हेही कबूल करतो. मी म्हणालो, "नीट पाहिलं नाही." हे खरंही नव्हतं आणि उपयोगाचंही नव्हतं. बारा वर्षं सत्यावरची वचनं पाठ करून माणूस एवढंच शिकतो.

याकूबभाई मध्येच बोलले, नेहमीच्या भिवंडीच्या आवाजात. "त्यांना सोडा साहेब. लिहा. मला ऐकू येत नाही. कधीपासूनच येत नाही." मग शोधायला गेलेल्या त्या दोघांकडे बघितलं. ते मुखवटे काढून घाम पुसत होते. "ही पोरं माझ्यासाठी आत गेली. खरा गॅस असता तर?"

साहेबांनी लिहिलं. वेळही लिहिली. मग म्हणाले, "खोत, आज पाळी नको. आराम करा." आणि पहिल्यांदाच घड्याळाकडे बघायचं विसरले.

चहाला भोईर माझ्यासमोर येऊन बसले. "शास्त्रीबुवा, तुमी दार आपटला न्हाय?"

"पाटी होती ना. शांतता राखा."

"अवो, मी सहा वरीस दार कशाला आपटतंय? मना काय हौस हाय? याकूबला आवाज न्हाय समजत, हादरा समजतो. लोखंडाची भिंत हाय, दार आपटला का बिछाना हालतो. तो उठतो."

"मग मला सांगितलं का नाही?"

"मना वाटला याकूब सांगंल. याकूबला वाटला मी सांगीन." त्यांनी कपातला चहा ढवळला, साखर नव्हती तरी. "साहेबाच्या शिव्या खाल्ल्या, पन कवा सांगितला न्हाय. आन् तुमी यून सभ्यपना केला."

 

पाचव्या दिवशीच्या हेलिकॉप्टरने आम्ही दोघं परतलो. माझी भेट संपली होती. याकूबभाईंना नऊ दिवस आधी पाठवलं होतं. निघताना कॉम्प्रेसर डेकवरची माणसं हेलिपॅडच्या जिन्यात उभी होती. पंख्याच्या आवाजात कुणाचंच बोलणं ऐकू येत नव्हतं, त्यामुळे निरोप व्यवस्थित झाला. केरळच्या फिटरने तळवा पोटावर फिरवला. जेवायला चल. याकूबभाईंनी मान हलवली.

परतीच्या गाडीला कशेळीच्या पुलाअलीकडे दीड तास लागला. दुपारी एक ते पाच तो रस्ता टाळा, एवढी उपयुक्त माहिती या लेखातून घ्यायला हरकत नाही. त्या खोळंब्यात मी त्यांच्याकडे तोंड करून सांगितलं, "दार मी हळू लावलं."

"भोईरनं सांगितलं."

"आपटलं असतं तर..."

"तर मी उठलो असतो. कार्ड पलटलं असतं. फेरी संपली की तपासणीला गेलो असतो." ते बाहेर कंटेनरांकडे बघत होते. "तिथे काचेची खोली असते. हेडफोन कानाला लावायचे, आवाज आला की बटण दाबायचं. काचेतून तपासणाऱ्या मुलाचा खांदा दिसतो. तो कळ दाबताना खांदा हलतो. मी खांदा बघायचो."

ते माझ्याकडे वळल्यावर मी विचारलं, "इतकी वर्षं?"

"सहा." मग म्हणाले, "आता लिहा तुम्ही. कानाचंसुद्धा."

तपासणी झाली. यावेळी ते खाली बघत बसले, असं त्यांनीच सांगितलं. प्रमाणपत्र मिळालं नाही. किनाऱ्यावरच्या कार्यालयात जागा बघतो असं कंपनीचं पत्र आलंय. ते पत्र लिहिणाऱ्याला घाई दिसत नाही. भोईर मागच्या सुट्टीत माझ्याकडे आले होते. सांगत होते, आता प्रत्येक केबिनमध्ये पिवळा दिवा बसवलाय, भोंग्याबरोबर फिरणारा. देशमुखसाहेबांनी मागे लागून करून घेतलं. "चांगला हाय. पन आता मना दार आपटाया कारन न्हाय," म्हणाले, आणि सवयीने माझं दार आपटून गेले.

प्रवासातून काय राहिलं, असं वाचक विचारतात. ज्योत राहिली, माझं वजन राहिलं. बाकी एक गोष्ट सांगतो आणि थांबतो. गेल्या शुक्रवारी दुपारी मी निजामपुऱ्यात गेलो. लूम बंद होते, गल्ली गप्प होती. दार उघडंच. याकूबभाई पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी उंबऱ्यात उभा राहिलो. सवयीने हात कडीकडे हळूच गेला. मग मी दार मागे घेतलं आणि सगळा जोर लावून आपटलं.

चौकट हादरली, पलंग हादरला. शेजारच्या बाई ओरडल्या, "अरे, दरवाजा तोडोगे क्या?"

याकूबभाई उठून बसले. "या शास्त्री," म्हणाले. "चहा टाकतो."